नवीन रायफलचं बॅरल ब्रेक-इन: करायचं का, किती करायचं आणि साफ नेमकं कसं करायचं

नवीन रायफल घेतली की ब्रेक-इनबद्दल, म्हणजे सुरुवातीच्या गोळ्या थोड्या थोड्या मारून मध्ये मध्ये बॅरल (नळी) साफ करत राहण्याबद्दल, दोन टोकाचे सल्ले मिळतात. एकजण सांगतो पहिल्या पन्नास गोळ्या एकेक करून मार, प्रत्येक गोळीनंतर बॅरल चकाचक कर, नाहीतर ग्रुप (गोळ्या एकमेकींच्या जवळ लागणं) कधीच येणार नाही, आणि दुसरा म्हणतो हे सगळं थोतांड आहे, रायफल काढ आणि मारायला लाग. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: थोडंसं ब्रेक-इन केल्याने बिघडत काही नाही, काही बॅरलना त्याचा फायदाही होतो, पण किती करायचं ते कुठल्या तक्त्यावरून नाही तर साफ करताना तुमच्याच बॅरलमधून बाहेर येणाऱ्या चिंधीवरून ठरवायचं. आणि खरा जीव ओतायचा तो साफ करण्याच्या पद्धतीत, कारण ब्रेक-इन केलं नाही म्हणून वाया गेलेलं बॅरल दाखवणं अवघड आहे, पण चुकीचा रॉड (साफ करायची सळई) वापरून घासून खराब केलेली बॅरल्स भरपूर बघायला मिळतात.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या

बॅरल बनवताना आधी लांब भोक पाडतात, मग रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळाच्या खाचा, करतात (बटन ओढून, कटरने कापून किंवा हॅमर फोर्जिंगने ठोकून) आणि शेवटी मागच्या बाजूने रीमर घालून चेंबर (काडतूस बसायची जागा) कापतात. रीमर गोल फिरतो, त्यामुळे चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं त्या भागात, म्हणजे थ्रोटमध्ये, बारीक ओरखडे राहतात आणि ते गोळीच्या वाटेला आडवे असतात. महागडी कस्टम बॅरल्स आतून हाताने लॅप केलेली (घासून गुळगुळीत केलेली) असतात, तिथे बाकीची नळी गुळगुळीत असते आणि जे काही बारीक मार्क्स असतील ते गोळीच्या दिशेनेच असतात, पण चेंबर लॅपिंगनंतर कापला जातो म्हणून थ्रोट तिथेही खरखरीतच राहतो.

आता पहिली गोळी सुटते. तिच्यावरचं तांब्याचं जॅकेट या आडव्या ओरखड्यांवर घासलं जातं, तांबं खरवडलं जातं आणि मागून येणाऱ्या प्रचंड तापलेल्या गॅसमध्ये मिसळून पुढे नळीभर जाऊन बसतं. दुसरी गोळी त्या तांब्यावरून जाते आणि अजून थोडं तांबं चिकटवते. क्रीगरसारखे बॅरलमेकर ब्रेक-इनचं कारण असंच समजावतात: गोळ्यांनी थ्रोट हळूहळू घासून गुळगुळीत होईपर्यंत, मधल्या काळात साचणारं तांबं काढत राहायचं, म्हणजे थरावर थर चढत नाहीत. तेवढंच आहे ब्रेक-इन, त्यात स्टीलला 'सवय लावणं' वगैरे काही नाहीये.

याच्या उलट बोलणारेही काही साधे लोक नाहीत. गेल मॅकमिलन, जे स्वतः बॅरल आणि स्टॉक बनवण्यात मोठं नाव, त्यांचं म्हणणं असं होतं की प्रत्येक गोळी बॅरलचं आयुष्य थोडं कमी करते आणि ब्रेक-इनच्या नावाखाली तुम्ही ते आयुष्य उगाच खर्च करता. दोन्ही बाजू अनुभवी आणि तरी भांडण मिटत नाही, याचं कारण असं की एकच बॅरल दोन पद्धतींनी सुरू करून बघता येत नाही. एकदा पहिल्या वीस गोळ्या गेल्या की ते बॅरल परत नवीन होत नाही, आणि दुसरं बॅरल घेतलं तर ते मुळातच वेगळं असतं. त्यामुळे 'मी ब्रेक-इन केलं म्हणून माझा ग्रुप छान येतो' हे वाक्य कोणी कितीही ठासून सांगितलं तरी ते सिद्ध झालं असं होत नाही.

तुमचं बॅरल कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

क्रोम-लाइन्ड (आतून क्रोमचा थर दिलेलं) किंवा नायट्राइड केलेलं (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेलं) बॅरल असेल तर ब्रेक-इनचा विचार सोडून द्या, आतला पृष्ठभाग इतका कडक असतो की दहा-वीस गोळ्यांनी त्यात सांगण्यासारखा फरक पडत नाही, एकदा साफ करा आणि वापरायला लागा. हाताने लॅप केलेलं स्टेनलेस बॅरल पाच-सहा गोळ्यांतच शांत होतं. क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या) स्टीलला जास्त वेळ लागू शकतो, क्रीगरच्या सल्ल्यातसुद्धा क्रोम-मॉलीला एकेक गोळीच्या फेऱ्या ५ पासून २५ पर्यंत अशा सांगितल्यात, म्हणजे बघा त्यांनीही एक ठरलेला आकडा दिलेला नाही. आणि कंपनीचं साधं, लॅप न केलेलं बॅरल असेल तर तिथे फायदा दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, पण तोही मुख्यतः नंतर साफ करायला सोपं जातं या रूपात.

.२२ रिमफायरवाल्यांनी हा ब्रेक-इनचा भाग सोडला तरी चालेल. तिथे गोळी शिशाची, वरून मेण किंवा ग्रीस लावलेली, वेग कमी, तांब्याच्या थराचा प्रश्नच नाही. तिथलं दुखणं वेगळं आहे, चेंबरच्या अगदी पुढे कार्बनचं कडं तयार होतं, तेवढं अधूनमधून काढत राहा. एअर रायफलला तर हे काहीच लागत नाही, फेल्टचे क्लिनिंग पेलेट पुरतात, आणि स्प्रिंगवाल्या एअर रायफलच्या नळीत पेट्रोलियमवालं तेल किंवा सॉल्व्हंट अजिबात घालू नका, दाबाखाली ते पेटतं आणि सील आणि स्प्रिंगची वाट लागते.

सामान: इथे कंजूषी नको

सगळ्यात आधी रॉड. एकसंध, कोटिंग असलेला किंवा कार्बन फायबरचा, हँडलला बेअरिंग असलेला म्हणजे रायफलिंगबरोबर आपोआप फिरेल असा. तुकडे जोडून होणारे ॲल्युमिनियमचे रॉड घेऊ नका, ते वाकतात, जोडावरची कड नळीला घासते, आणि मऊ धातूत धूळ-कचरा रुतून बसला की तो रॉड पॉलिश पेपरसारखं काम करायला लागतो. दुसरं म्हणजे बोअर गाईड, बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा भाग) काढून त्याच्या जागी सरकवायची ही नळी असते, हिच्यामुळे रॉड सरळ मध्यातून जातो आणि सॉल्व्हंट मागे ट्रिगरमध्ये उतरत नाही. कितीही घाई असली तरी गाईडशिवाय रॉड घालू नका हे मी सगळ्या नवीन लोकांना परत परत सांगतो.

मग तुमच्या कॅलिबरचा (नळीच्या मापाचा) जॅग, म्हणजे रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा भाग, नायलॉन ब्रश, ब्रॉन्झ ब्रश, सुती चिंध्या, एक कार्बन काढणारं क्लीनर, एक तांबं काढणारं सॉल्व्हंट, थोडं गन ऑइल, हातमोजे. जॅग शक्यतो निकेल प्लेटिंगचा किंवा पितळ नसलेला घ्या, कारण तांब्याचं सॉल्व्हंट पितळही खातं आणि चिंधी निळी होते, मग बॅरल स्वच्छ असूनही तुम्ही तासभर घासत बसता. याच कारणामुळे तांब्याच्या सॉल्व्हंटबरोबर ब्रॉन्झचा ब्रश न वापरता नायलॉनचा वापरायचा, ब्रॉन्झचा कार्बनसाठी.

सॉल्व्हंट दोन जातीचे मिळतात, अमोनियावाले आणि बिनअमोनियाचे. अमोनियावालं झटपट काम करतं पण वास डोक्यात जातो आणि नळीत जास्त वेळ ठेवायचं नसतं, बाटलीवर लिहिलेली वेळ पाळा, साधारण १५ मिनिटांच्या वर तर नाहीच. नवीन माणसाने बिनअमोनियाचं घ्यावं, वेळ जास्त लागतो पण घाबरण्यासारखं काही नाही. दोन वेगवेगळी सॉल्व्हंट एकमेकांत मिसळायची नाहीत, आधीचं पूर्ण पुसून मगच दुसरं.

पायरी पहिली: रायफल रिकामी आहे याची खात्री

मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा, आणि राउंड (काडतुसं) असलेला डबा त्या टेबलवर काय, त्या खोलीतच नको. एकदा बघितलं असलं तरी मध्ये उठून गेलात तर परत बघा. मग बोल्ट बाहेर काढून ठेवा. ज्या रायफलचा बोल्ट असा निघत नाही तिचं मॅन्युअल बघा. मॅन्युअल तसंही आधी वाचायचंच आहे, कारण कंपनीने स्वतःची ब्रेक-इन पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

पायरी दुसरी: पहिल्या गोळीच्या आधीची सफाई

ब्रेक-इन करा किंवा करू नका, ही पायरी चुकवायची नाही. नवीन रायफल गंज लागू नये म्हणून आतून तेल किंवा ग्रीस लावून येते, कधी कधी आत धातूचा बारीक चुरा आणि पॅकिंगचा कचराही असतो. नळीत तेलाचा जाड थर ठेवून गोळी मारली तर दाब वाढू शकतो, आणि नळीत खरोखर काही अडकलेलं असेल तर बॅरल फुगतं किंवा फाटतं, .३०८ विन्चेस्टरसारख्या राउंडमध्ये चेंबरचा कमाल दाब ६२,००० पीएसआय पर्यंत धरलेला असतो, हे लक्षात असू द्या.

तर बोअर गाईड घाला, रायफल मझलकडे (नळीच्या पुढच्या तोंडाकडे) थोडी उतरती ठेवा, क्लीनरने भिजवलेली चिंधी जॅगवर लावून मागून पुढे ढकला, पुढून बाहेर आली की चिंधी काढून टाका आणि रिकामा जॅग हळूच मागे ओढा. घाण चिंधी परत आत ओढायची नाही. अशा दोन-तीन ओल्या चिंध्या, मग ब्रशच्या काही फेऱ्या, मग परत ओल्या, मग कोरड्या चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत. चेंबर वेगळ्या मॉपने पुसून कोरडा करा, लोक नळी पुसतात आणि चेंबर विसरतात. शेवटी उजेडाकडे धरून मागून आरपार बघा. बोल्टच्या लॉकिंग लग्जना (बोल्ट जागेवर अडकवणाऱ्या दातांना) मागच्या बाजूला थोडंसं ग्रीस लावा आणि झालं.

पायरी तिसरी: रेंजवर

रेंजवर जाताना हे सगळं सामान बरोबर, आणि रायफल नीट टेकवून साफ करता येईल असा क्रेडलही. राउंड एकाच प्रकारचे घ्या, साध्या कॉपर जॅकेटचे. पूर्ण तांब्याच्या गोळ्या पहिल्याच दिवशी नकोत, त्या जास्त तांबं सोडतात आणि चिंधी वाचायला अवघड जाते.

एक गोळी मारा. बोल्ट काढा, गाईड घाला, आधी कार्बन क्लीनरच्या एक-दोन चिंध्या, काळं निघेल ते निघू द्या. मग तांब्याच्या सॉल्व्हंटची ओली चिंधी, नायलॉन ब्रशच्या आठ-दहा फेऱ्या, आणि बाटलीवर सांगितलंय तेवढा वेळ थांबा. मग चिंधी घाला आणि तिचा रंग बघा, निळा किंवा हिरवट निळा म्हणजे तांबं. स्वच्छ येईपर्यंत परत करा, सॉल्व्हंट पूर्ण पुसून काढा, नळी आणि चेंबर कोरडा, मग दुसरी गोळी.

असं पाच वेळा करा आणि प्रत्येक वेळी बघा की निळेपणा कमी होतोय का, किती चिंध्या लागल्या ते वहीत लिहा. चांगल्या बॅरलमध्ये तिसऱ्या-चौथ्या गोळीलाच फरक दिसतो, आधी गडद निळी येणारी चिंधी नुसती फिकट येते. तसं झालं की तीन गोळ्या मारा आणि साफ करा, परत तीन आणि साफ, मग पाच आणि साफ, आणि थांबा. पाच गोळ्यांनंतरही चिंधी पहिल्यासारखीच गडद असेल तर एकेक गोळीच्या अजून चार-पाच फेऱ्या करा. तरीही तसंच राहिलं तर माझा सल्ला असा की एकूण वीस-पंचवीस गोळ्यांच्या पुढे हा प्रकार ओढू नका, थ्रोटचं उरलेलं काम पुढच्या नेहमीच्या प्रॅक्टिसमध्ये आपोआप होतं, आणि काही बॅरल्स आयुष्यभर थोडं जास्त तांबं धरतात पण ग्रुप उत्तम देतात.

या गोळ्या फुकट घालवू नका. याच गोळ्यांवर स्कोप जवळच्या अंतरावर कागदावर आणा, नंतर लांबच्या अंतरावर झिरो करा (नेम धराल तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवा), स्कोपचे आणि ॲक्शनचे स्क्रू ढिले झाले का बघा, ट्रिगरची सवय करा. फक्त एकेका गोळीच्या फेऱ्यांमध्ये स्वच्छ नळीतून मारताय त्यामुळे पॉइंट ऑफ इम्पॅक्ट (गोळी लागायची जागा) थोडा इकडेतिकडे असणार, पक्का झिरो शेवटच्या पाच गोळ्यांच्या ग्रुपनंतरच करा.

आणि बॅरल तापू देऊ नका, हे ब्रेक-इनपेक्षाही मोठं आहे. थ्रोट खातो तो गॅस आणि उष्णता, आणि आधीच तापलेलं बॅरल जास्त लवकर खराब होतं. हात लावून आरामात धरून ठेवता येत नसेल तर थांबा, बोल्ट उघडा ठेवून गार होऊ द्या. गोळी नळीत जेमतेम १ मिलिसेकंदाच्या आसपास असते, म्हणजे हजारो गोळ्या मारून झिजलेल्या बॅरलचं प्रत्यक्ष काम मोजलं तर काही सेकंदच भरतं, त्या काही सेकंदात ते किती सोसतं याचा विचार करा.

पायरी चौथी: घरी आल्यावर

शेवटची सफाई, मग गन ऑइलची एक हलकी चिंधी नळीतून, बाहेरून पुसून ठेवा. पुढच्या वेळी मारायच्या आधी एक-दोन कोरड्या चिंध्या घालून ते तेल काढायचं, तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते. वापरलेल्या चिंध्या आणि मोजे बंद पिशवीत टाका, हात गार पाण्याने साबण लावून धुवा, प्रायमर (काडतूस पेटवणारं रसायन) आणि शिशाचा अंश हातावर राहतो आणि तो जेवताना पोटात जायला नको. सॉल्व्हंट वापरताना खिडकी उघडी हवी आणि आजूबाजूला आग नको.

यापुढची रोजची पद्धत

इथेच नवीन माणूस अति करतो. ब्रेक-इनमध्ये तांबं शून्यावर आणायची सवय लागते आणि मग प्रत्येक रेंज नंतर तोच कार्यक्रम. त्याची गरज नाही. बॅरल काही गोळ्यांनंतर एका स्थिर अवस्थेला येतं, थोडा कार्बन थोडं तांबं बसलेलं असतं आणि त्याच अवस्थेत ते सगळ्यात एकसारखं मारतं. पूर्ण साफ केलं की ती अवस्था जाते आणि परत यायला दोनपासून पाच-दहा गोळ्या लागतात, म्हणूनच मॅचच्या आधी लोक काही फाउलिंग शॉट्स मारून घेतात. तुमच्या रायफलला किती लागतात ते वहीत लिहून ठेवा, ही माहिती फार उपयोगाची आहे.

तर नेहमीच्या दिवशी कार्बन क्लीनरच्या दोन-चार चिंध्या, कोरडं पुसणं, हलकं तेल, बास. तांब्याचं सॉल्व्हंट तेव्हाच, जेव्हा ग्रुप विनाकारण मोठा व्हायला लागतो किंवा नळीच्या तोंडाशी तांब्याचे पट्टे ठळक दिसतात. ते किती गोळ्यांनी होईल हे बॅरलवर आहे, कुठे शंभर तर कुठे तीनशे-चारशे. कार्बनकडे मात्र जास्त लक्ष द्या, थ्रोटजवळ तो कडक होऊन बसला की काढायला जड जातो आणि दाबही वाढवतो. पावसात भिजली किंवा दमट हवेत वापरली तर त्याच दिवशी साफ करा. आणि जुने लष्करी कोरोसिव्ह (गंज आणणाऱ्या) प्रायमरवाले राउंड मारले असतील तर त्यांचे क्षार तेलाने किंवा नेहमीच्या सॉल्व्हंटने जातील या भरवशावर राहू नका, आधी गरम पाणी, मग पूर्ण सुकवणं, मग तेल, हे त्याच संध्याकाळी.

हँडलोडिंग करणाऱ्यांसाठी (स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी) एक गोष्ट, नवीन बॅरलचा वेग पहिल्या शंभर-दीडशे गोळ्यांमध्ये अनेकदा थोडा वाढतो आणि मग स्थिरावतो, म्हणून फायनल लोड (दारूचं प्रमाण) ठरवायची घाई करू नका, आधी ठरवलेला लोड नंतर दाबाची लक्षणं दाखवू शकतो.

क्राऊनची काळजी

क्राऊन म्हणजे मझलची आतली कड, गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती जागा. .३०८ मध्ये रायफलिंगची खोली फक्त ०.१ मिलिमीटर असते, त्यामुळे तिथे रॉड एका बाजूला घासत राहिला की कड असमान होते, गॅस एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का बसतो. म्हणून ब्रश बाहेर निघाला की तो सरळ मागे ओढताना रॉड वाकडा होऊ देऊ नका, नवीन आहात तर ब्रश बाहेर काढून रॉड रिकामाच मागे घ्या. ज्या रायफली मागून साफच करता येत नाहीत, काही लिव्हर ॲक्शन आणि काही सेमी-ऑटो, त्यांना मझल गाईड लावूनच पुढून रॉड घाला, किंवा पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) वापरा पण दोरी सरळ रेषेत ओढा, कडेवर घासू देऊ नका, आणि पुलथ्रूची दोरी घाण झाली की धुवा.

बोअरस्कोप हल्ली स्वस्त झालेत आणि नवीन लोक पहिल्याच आठवड्यात आत कॅमेरा घालून घाबरतात, आतले टूलमार्क्स, तांब्याचे ठिपके, सगळं मोठं करून दिसतं. कंपनीच्या बहुतेक बॅरल्स आतून अशाच दिसतात. कागदावर ग्रुप येत असेल तर त्या चित्रासाठी घासायची पेस्ट आणू नका, आणि अपघर्षक लावलेल्या फायर-लॅपिंगच्या गोळ्या तर नवीन माणसाने अजिबात नाही, त्या थ्रोटचं स्टील कायमचं काढून टाकतात.

सेकंडहँड रायफल घेतली असेल तर ब्रेक-इनचा प्रश्न उरत नाही, थ्रोट कधीच घासून झालेला असतो. तिथे उलट करा, एकदा सगळा कार्बन आणि जुने तांब्याचे थर सावकाश, दोन-तीन दिवस लागले तरी चालतील, पूर्ण काढून टाका, नळी कोरडी करा, आणि मग न साफ करता दहा-वीस गोळ्या मारून बघा ग्रुप कुठे स्थिरावतो, ते बॅरल कसं आहे ते त्यानंतरच कळेल.